परक्या खेळाचा घरचा सामना

लंडन मोनार्क्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा पहिला घरचा सामना ३१ मार्च १९९१ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झाला. पाहुणा संघ होता न्यूयॉर्क-न्यूजर्सी नाइट्स. सामना पाहायला सुमारे ४७ हजार लोक आले. मोनार्क्स हा अगदी नवा संघ होता आणि त्याचे बहुतेक खेळाडू अमेरिकेतून आलेले होते. तरी त्याने २२-१८ असा विजय मिळवला. एखादा खेळ परमुलखात रुजवायला काय काय लागते आणि पहिल्या दिवसाची गर्दी पुढे टिकतेच असे का नाही, हे या संघाच्या वाटचालीतून चांगले समजते.

मोनार्क्स ज्या स्पर्धेत उतरला ती वर्ल्ड लीग ऑफ अमेरिकन फुटबॉल. तिच्यामागे अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, उभी होती. दहा संघांपैकी सहा अमेरिकेतले, एक कॅनडातील माँट्रियलचा आणि तीन युरोपातले होते: लंडन, फ्रँकफर्ट आणि बार्सिलोना. एनएफएलचा हंगाम हिवाळ्यात संपतो, म्हणून ही स्पर्धा वसंतात ठेवली. संधीची वाट पाहणाऱ्या खेळाडूंना सराव मिळावा आणि अमेरिकेबाहेर नवा प्रेक्षक तयार व्हावा, असे दोन हेतू त्यामागे होते. स्पर्धेचा शुभारंभ २३ मार्चला फ्रँकफर्टच्या वाल्डस्टेडियनवर झाला. त्या दिवशी मोनार्क्सने यजमान फ्रँकफर्ट गॅलेक्सीला २४-११ असे हरवले होते. त्यामुळे आठवडाभराने वेम्बलीवर आला तो जिंकून आलेला संघ.

प्रेक्षकही अगदी कोरा नव्हता. ब्रिटनमध्ये चॅनल फोर ही वाहिनी १९८२ पासून एनएफएलचे सामने दाखवत होती. ते पाहून तरुणांनी गावोगावी हौशी क्लब काढले. ऑगस्ट १९८६ मध्ये शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज यांचा प्रदर्शनी सामना वेम्बलीवर झाला, तेव्हा ८० हजारांहून अधिक लोक जमले होते. फ्रँकफर्टची वाट वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अमेरिकी सैन्याचा मोठा तळ होता आणि सैनिकांबरोबर त्यांचा खेळही शहरात आला. फ्रँकफर्ट लायन्स हा जर्मनीतला पहिला अमेरिकन फुटबॉल क्लब १९७७ मध्ये तिथेच निघाला.

दूरचित्रवाणीवर हा खेळ तुकड्यातुकड्यांनी दिसतो, मैदानात तो सगळा एकदम डोळ्यांपुढे येतो. दोन्ही टोकांच्या गोलपट्ट्या धरून मैदान १२० यार्ड लांब असते आणि एका वेळी प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू आत असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा चार प्रयत्न. नाही कापले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू गोलपट्टीत नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. खांबांच्या मधून लाथेने चेंडू मारला की तीन गुण. टचडाउननंतर लाथेने एक जादा गुण मिळवता येतो. चेंडू पुन्हा गोलपट्टीत नेऊन दोन गुण घेण्याची मुभाही या नव्या स्पर्धेत होती. एनएफएलने ती १९९४ मध्ये स्वीकारली.

प्रत्यक्ष चाल पाच-सहा सेकंदांत संपते, त्यानंतर बराच वेळ खेळाडू पुढच्या चालीची जुळवाजुळव करत असतात. नवख्या प्रेक्षकाला हा खोळंबा वाटतो, पण डावपेच त्याच वेळात ठरतात. दहा यार्ड पूर्ण झाले की नाही याबद्दल शंका असेल, तर सीमारेषेवरचे मदतनीस दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी मैदानात आणतात. एक काठी रोवून साखळी ताणली जाते. चेंडूचे टोक दुसऱ्या काठीपर्यंत पोहोचले आहे का, हे पंच वाकून पाहतात आणि तोवर सगळे स्टेडियम श्वास रोखून असते. नियमभंग झाला की पंच पिवळे फडके टाकतात आणि मुख्य पंच मायक्रोफोनवरून कारण जाहीर करतात. खेळ नवा असलेल्या देशात ही घोषणा म्हणजे प्रेक्षकांची शिकवणीच असते.

घरच्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते: ओरडायचे कधी. इंग्लंडच्या नेहमीच्या फुटबॉलमध्ये आपल्या संघाकडे चेंडू आला की गाणी आणि आरोळ्या सुरू होतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याच वेळी शांत राहायचे असते, कारण क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, तोंडी इशारे देतो आणि ते सहकाऱ्यांना ऐकू जावे लागतात. आरडाओरडा राखून ठेवायचा तो पाहुणे आक्रमणावर असताना. त्यांचे इशारे गोंगाटात बुडाले की चाली फसतात. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो इथे प्रेक्षकाच्या हातात असतो.

संघ आपला वाटण्यासाठी आपल्या माणसांचीही गरज होती. मोनार्क्समध्ये लंडनच्या हौशी क्लबमधून आलेला व्हिक्टर एबुबेडिके होता आणि लाथेने गुण मिळवण्याचे काम फिल अलेक्झांडर हा इंग्रज खेळाडू करत होता. नऊ विजय आणि एक पराभव अशी साखळी फेरी संपवून मोनार्क्सने अंतिम फेरी गाठली. ९ जून १९९१ रोजी वेम्बलीवरच, ६१ हजारांवर प्रेक्षकांसमोर, त्याने बार्सिलोना ड्रॅगन्सला २१-० असे हरवून पहिला वर्ल्ड बोल, म्हणजे या स्पर्धेचे विजेतेपद, जिंकला.

ही भरती टिकली नाही. १९९२ मध्ये मोनार्क्सला दोनच सामने जिंकता आले आणि हंगामानंतर स्पर्धाच स्थगित झाली. १९९५ मध्ये ती केवळ सहा युरोपीय संघांची म्हणून परतली, तेव्हा मोनार्क्स वेम्बली सोडून व्हाइट हार्ट लेनवर खेळू लागला. ते मैदान इतके आखूड होते, की गोलपट्ट्यांमधले शंभर यार्डांचे अंतर ९३ यार्डांवर आणावे लागले. पुढे संघ स्टॅम्फर्ड ब्रिजवर गेला आणि १९९८ मध्ये इंग्लंड मोनार्क्स या नावाने लंडन, ब्रिस्टल आणि बर्मिंगहॅम असा फिरत राहिला. त्यानंतर तो बंद झाला. वारंवार घर बदलणाऱ्या संघामागे प्रेक्षक किती काळ धावणार?

फ्रँकफर्टने पहिला सामना गमावला होता, पण घर सोडले नाही. स्टेडियमबाहेर खाणे-पिणे आणि संगीताची जत्रा भरू लागली, कुटुंबे दुपारपासून जमू लागली आणि गॅलेक्सीने चार वर्ल्ड बोल जिंकले. स्थानिक खेळाडूंना ठराविक वेळ मैदानात उतरवण्याचा नियमही स्पर्धेत आला. २००७ मध्ये आर्थिक तोट्यामुळे एनएफएलने स्पर्धा बंद केली, तेव्हा सहापैकी पाच संघ जर्मन होते. २०२१ मध्ये युरोपियन लीग ऑफ फुटबॉल सुरू झाली, तिच्यात फ्रँकफर्ट गॅलेक्सी हे नाव परतले आणि पहिले विजेतेपदही याच संघाने पटकावले. २०२३ मध्ये एनएफएलच्या मुख्य हंगामाचे सामने फ्रँकफर्टमध्ये झाले.

या खेळाशी महाराष्ट्राचाही थोडा संबंध आला. इलाइट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या पहिल्या हंगामात पुणे मराठाज हा संघ विजेता ठरला. पण २०१२ मधले ते सामने श्रीलंकेत, कोलंबोला खेळले गेले. संघाच्या नावात पुणे होते, मात्र त्या विजयाला घरचा प्रेक्षक लाभला नाही. नव्या संघाला खेळाडू बाहेरून आणता येतात, प्रशिक्षक आणता येतात, पैसाही आणता येतो. प्रेक्षक मात्र त्याच गावात, त्याच मैदानावर, वर्षानुवर्षे घडवावा लागतो आणि ते काम पहिल्या घरच्या सामन्यापासून सुरू होते.