दिलं किती आणि पोचलं किती?

हृदयाच्या आत शस्त्रक्रिया करायची तर बहुतेक वेळा ते थांबवावं लागतं. तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवण्याचं काम हार्ट-लंग मशीन करतं. पण महाधमनीला क्लॅम्प लावला की हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांमधलं रक्तही बंद होतं. मग स्नायू जगवायचा कसा? त्यासाठी जास्त पोटॅशियम असलेलं, बहुधा थंड द्रावण त्या धमन्यांमध्ये सोडतात. हृदय शिथिल अवस्थेत थांबतं आणि त्याची ऑक्सिजनची गरज खूप खाली येते. हे म्हणजे कार्डिओप्लेजिया.

इथे मात्रेला फार महत्त्व आहे. १९५५ मध्ये लंडनला डेनिस मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवून दाखवलं, पण त्याची तीव्रता इतकी होती की स्नायूलाच इजा व्हायची. ती पद्धत मागे पडली. १९७० च्या दशकात कमी पोटॅशियमची द्रावणं आली, तेव्हा कल्पना पुन्हा उभी राहिली. लंडनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलच्या द्रावणात पोटॅशियम साधारण १६ मिलिमोल प्रति लिटर असतं.

आता यंत्रणेकडे येऊ. अनेक ठिकाणी चार भाग रक्त आणि एक भाग द्रावण असं मिश्रण देतात. हे प्रमाण राखायला गुंतागुंतीचं काही लागत नाही. एकाच रोलर पंपात दोन नळ्या बसवतात, एक पाव इंच आतल्या व्यासाची, दुसरी तिच्या निम्म्या व्यासाची. रोलर दोन्हींना एकाच वेगाने दाबतो. व्यास दुप्पट म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ चौपट, म्हणून प्रवाहही चौपट. पुढे मिश्रण थंड करणारा हीट एक्स्चेंजर, बुडबुडे अडवणारा ट्रॅप, दाब मोजायची जोडणी आणि शेवटी महाधमनीच्या मुळाशी बसवलेली कॅन्युला.

खरी गंमत दाबाची आहे. पर्फ्युजनिस्टला दिसणारा दाब अनेकदा नळीतला असतो, महाधमनीतला नाही. मध्ये अरुंद कॅन्युला आहे. प्रवाह संथ, थरांचा असेल तर तेवढाच प्रवाह निम्म्या व्यासातून ढकलायला सोळा पट दाब लागतो. शिवाय रक्त थंड झालं की घट्ट होतं, म्हणजे प्रवाह तोच राहूनही नळीतला आकडा वाढतो. तो आकडा पाहून ‘हृदयावर दाब जास्त पडतोय’ म्हणणं घाईचं ठरेल.

उलटंही होतं. महाधमनीची झडप गळत असेल तर द्रावण डाव्या जवनिकेत परत जातं. पंप सांगतो अमुक मिलिलिटर दिलं, पण स्नायूपर्यंत त्यातलं थोडंच गेलेलं असतं, वर जवनिका फुगते ती वेगळीच. अशा वेळी कोरोनरी सायनसमधून, म्हणजे शिरांच्या बाजूने, उलट दिशेने द्रावण देता येतं. तिथे दाब साधारण ४०-५० मिमी पाऱ्याच्या वर जाऊ देत नाहीत, नाहीतर शिरेला इजा होऊ शकते. म्हणूनच त्या कॅथेटरच्या टोकापाशी दाब मोजायची वेगळी सोय असते. पण या मार्गाने उजव्या जवनिकेला संरक्षण कमी मिळतं, कारण तिकडच्या बऱ्याच शिरा सायनसमध्ये येतच नाहीत.

तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल तर यातून एक सवय उचला. कोणतंही मोजमाप दिसलं की आधी विचारा, हे कुठल्या ठिकाणी मोजलंय आणि मला हवी असलेली गोष्ट कुठल्या ठिकाणी घडतेय? त्या दोन जागांमध्ये जे काही आहे, तिथेच बहुधा तुमचा प्रश्न दडलेला असतो.

करून बघायचं असेल तर एक पंप, पाणी-ग्लिसरीनचं मिश्रण, दोन-तीन व्यासांच्या कॅन्युला आणि दोन प्रेशर सेन्सर पुरतात. एक सेन्सर कॅन्युलाच्या आधी लावा, एक नंतर. प्रवाह हळूहळू वाढवा, मग तापमान बदला, आणि दोन्ही आकड्यांमधला फरक आलेखावर काढा. आलेख कुठे सरळ राहतो नि कुठे वाकतो, ते आधी कागदावर लिहून ठेवा आणि मगच पंप सुरू करा.