करवतीचा धूर
सातपुड्याच्या कुशीत, तळोदा-अक्कलकुव्याकडील सागवानी मुलखात, वादळाने आडवा झालेला वृक्ष दूर करण्यासाठी जी साखळी-करवत घरघरते, तिचे जुने टू-स्ट्रोक इंजिन तेलमिश्रित पेट्रोलचा सुमारे चतुर्थांश भाग न जाळताच बाहेर फेकते. कारण ताजे मिश्रण जळका वायू लोटता लोटता स्वतःही त्याच वाटेने निसटते. अमेरिकेत 1990 नंतरच्या दशकात उत्सर्जनाच्या कायद्यांचा अंमल सुरू झाल्यावर कारखानदारांनी मिश्रणाआधी निव्वळ हवेचा थर सोडण्याची युक्ती योजिली आणि इंधनही वाचले. मात्र त्याच कायद्यांपायी, मिश्रण जुळविणाऱ्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर टोपी बसली आणि कानाने इंजिन जुळविणाऱ्या मिस्त्रीचे हात बांधले गेले, ही तक्रार अगदीच अनाठायी नव्हे. तरीही माझा कौल नव्या यंत्रालाच. कारण हा धूर प्रथम जातो तो करवत धरणाऱ्याच्याच छातीत.