नागोयातली मोटरसायकल, बडोद्यातला पासपोर्ट

दांडिया बाजारातून मांडवीपर्यंत भर गर्दीत गाडी काढणाऱ्या बडोदेकराला परवान्याची परीक्षा ती काय, असं मला वाटायचं. नोकरीसाठी जपानला नागोयात आलो आणि तो भ्रम उतरला.

गाडी घेणं सोपं होतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये आलो, ऑगस्टमध्ये सेकंडहँड होंडा घेतली, २५० सीसीची. त्याहून मोठ्या गाडीला ठरावीक वर्षांनी ‘शाकेन’ ही सरकारी तपासणी लागते, २५० पर्यंत नाही. रहिवासाचा दाखला आणला, सक्तीचा विमा उतरवला, नंबरप्लेटचं दुकानदार आजोबांनी पाहिलं. सक्तीचा विमा फक्त समोरच्या माणसाच्या इजेपुरता असतो, म्हणून दुसराही घेतला. चालवायला बडोद्याच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना होता. रस्त्याची बाजूही आपलीच, डावी.

दिवाळीत तीन आठवडे घरी गेलो, तेव्हा तो परवाना नवा करून आणला. म्हटलं, आणखी एक वर्षाची सोय झाली.

मे महिन्यात ऑइल बदलायला गेलो. आजोबांनी सहज विचारलं, जपानला कधी आलात? सांगितलं, तसा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. इथे रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस बाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आत परतला, तर ते परतणं हिशेबात धरत नाहीत. वर्ष मोजायचं ते पहिल्या आगमनापासून. म्हणजे माझं वर्ष एप्रिलमध्येच संपलं होतं आणि तीन आठवडे मी विनापरवाना हिंडत होतो! शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. त्या दिवसांत कुणाला धक्का लागला असता तर, हा विचार आजही अंगावर येतो.

“इंजिन बंद करून ढकलत न्या,” आजोबा म्हणाले, “म्हणजे तुम्ही पादचारी.” अडीच किलोमीटर ढकलली.

आता भारतीय परवान्यावरून जपानी परवाना काढणं आलं. जपान ऑटोमोबाइल फेडरेशनकडून भाषांतर मिळालं. पण परवाना काढल्यावर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावाही हवा होता. माझा पासपोर्ट इथे आल्यावर नवा केलेला, त्यात भारतातून निघाल्याचा शिक्काच नाही. जुना मी दिवाळीत घरी टाकून आलो होतो. बाबांना फोन केला. “अरे, तो रद्द झालेला ना? कशाला हवाय?” म्हणत त्यांनी कपाट उपसलं. आईच्या साड्यांखाली सापडला. कुरिअरने आला.

लेखी परीक्षेत तेव्हा १० प्रश्न असत. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ५० झाले आहेत. खरी कसोटी मैदानावर. १५ मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद फळी, आणि त्यावरून जायला किमान सात सेकंद लावायचे. घसरलात की परीक्षा तिथेच संपली. पहिल्यांदा मी घसरलो. दुसऱ्यांदा फळी जमली, पण वळताना मान वळवून मागे पाहिलं नाही म्हणून नापास. नुसता आरसा त्यांना पुरत नाही. आपण मान कुठली वळवतो, हॉर्न वाजवतो! तिसऱ्यांदा इतकी मान वळवली की रात्री बाम लावावा लागला, पण पास झालो.

जुना पासपोर्ट आता नागोयातच असतो, गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये.