नाताळच्या झाडावरील सफरचंद

नाताळ जवळ आला कीं मुंबई-पुण्याच्या दुकानांत कांचेआड फरचें लहानसें झाड उभें राहतें आणि त्यावर तांबडे-सोनेरी गोळे लोंबूं लागतात. हे गोळे कशाकरितां, असें बरोबरच्या मुलानें विचारलें तर आपण 'शोभेसाठीं' असें सांगून वेळ मारून नेतों. हें उत्तर खोटें नव्हे; पण श्रोतेहो, तें फार अपुरें आहे. हे गोळे म्हणजे मुळांत सफरचंदें होत.

युरोपांतील जुन्या पंचांगांत २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस. मध्ययुगांत त्यांच्या पतनाचीं धार्मिक नाटकें होत व त्यांत एदेन बागेंतील तें झाड उभें करावें लागे. ऐन हिंवाळ्यांत जर्मनीकडे सफरचंदाच्या झाडावर पानहि उरत नाहीं. तेव्हां सदाहरित फर आणावयाचा आणि त्याला सफरचंदें बांधावयाचीं, अशी युक्ति निघाली. नाताळच्या झाडाचें एक मूळ येथें असावें, असें अनेक अभ्यासक मानतात. बायबलांत त्या फळाचें नांव मुळींच दिलेलें नाहीं, ही गंमत आहे. लॅटिनमधील 'मालुम' या शब्दाचे 'वाईट' आणि 'सफरचंद' असे दोन्ही अर्थ होतात; त्या श्लेषामुळें बिचाऱ्या सफरचंदावर हा आळ आला असावा!

स्ट्रासबुर्ग शहराविषयींच्या १६०५ सालच्या एका टिपणांत, लोक नाताळांत घरांत फरचीं झाडें उभारतात व त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदें, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखर टांगतात, असें वर्णन आहे. यांतील पापड्यांपाशीं क्षणभर थांबावें. चर्चमध्यें प्रभुभोजनाच्या वेळीं जी भाकर देतात ती अशीच पापडीसारखी असते. म्हणजे ज्या फळापायीं मनुष्यानें नंदनवन गमावलें तें फळ, आणि ज्या भाकरींत ख्रिस्ती मन आपला उद्धार पाहतें ती भाकर, हीं दोन्हीं एकाच झाडावर! पुढें एकोणिसाव्या शतकांत थुरिंजियांतील लाउशा गांवच्या कारागिरांनीं कांचेचीं फळें फुंकून विकण्यास आरंभ केला. सफरचंद सुरकुततें, कांच टिकते. गोल आकार तेवढा राहिला. पापडी गेली आणि तिजबरोबर अर्थहि गेला.

हिरव्या फांद्यांची शोभा मात्र ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. रोमन लोकहि ऐन हिंवाळ्याच्या सणांत घरें पानांनीं सजवीत. इंग्लंडांतील होलीच्या कांटेरी पानांत येशूचा कांट्यांचा मुकुट आणि तिच्या तांबड्या फळांत रक्ताचे थेंब पाहिले गेले, ते मागाहून. मागाहून जडलेला अर्थ लटका, असें म्हणणारे पंडित आहेत. मला तें पटत नाहीं. पणती मूळची अंधारांत दिसावें म्हणून लावलेली. तेवढ्यानें लक्ष्मीपूजनाची पणती निरर्थक ठरते काय?

आतां गोठ्याविषयीं. १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं संत फ्रान्सिस यांनीं गव्हाणींत गवत पसरून, जवळ खरा बैल व खरें गाढव उभें करून नाताळ साजरा केला. लूकच्या शुभवर्तमानांत गव्हाण आहे. हीं जनावरें नाहींत. जनावरें आपल्या धन्याला ओळखतात, माणसें मात्र ओळखीत नाहींत, अशी यशया संदेष्ट्याची जुनी तक्रार आहे. तींतून तीं तेथें आलीं.

हा गोठा आपल्या वसईकडे व गोव्यांतहि घरोघर मांडतात. दारावर कामट्यांची व कागदाची चांदणी लागते. पूर्वेकडील ज्ञान्यांना वाट दाखविणारा तोच तारा, आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ शोभावा असा. पण तेथें फर कोठून येणार? म्हणून गोव्यांत कित्येक घरीं आधीं कांहीं दिवस ताटलींत नाचणी पेरतात आणि तिचे हिरवे कोंब गव्हाणीभोंवतीं मांडतात. शेजारच्या घरीं दोनतीन महिन्यांपूर्वीं घटापाशीं धान्य असेंच रुजलेलें असतें.