तटाविना तुरुंग

पालघर तालुक्यात समुद्रकाठी शिरगाव नावाचे गाव आहे. तेथील जुना किल्ला अजून उभा आहे. त्याचे बुरूज आणि जाड तट पाहिले म्हणजे ते शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधले होते, हे सहज ध्यानात येते. हा मुलूख २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. खुद्द ठाण्याच्या किल्ल्याची गत मात्र निराळी झाली. इंग्रजी अमलात त्याचा तुरुंग करण्यात आला आणि आजही तेथे तुरुंगच आहे. बाहेरच्यांना बाहेर ठेवणारा तट आतल्यांना आत ठेवू लागला.

तुरुंग म्हटला की असा तट, लोखंडी दार आणि भले मोठे कुलूप डोळ्यांपुढे येते. परंतु महाराष्ट्रात एक तुरुंग असाही आहे की, ज्याला तट नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची बंद्यांची वसाहत आहे. ती १९३९ साली स्थापन झाली.

आटपाडीचा भाग त्या काळी औंध संस्थानात होता. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध होते. त्याच साली त्यांनी आपल्या हातची सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. या कामी त्यांस साहाय्य करणाऱ्यांत मॉरिस फ्रीडमन हे गृहस्थ होते. ते मूळचे पोलंड देशाचे. म्हैसूर संस्थानातील विजेच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि येथलेच झाले. गांधीजींच्या सहवासात ते भारतानंद या नावाने ओळखले जात. संस्थानातील कैद्यांना कोठडीतून काढून मोकळ्या रानात वसवावे, ही कल्पना त्यांचीच.

कल्पना ऐकायला गोड होती. पण ते कैदी काही किरकोळ चोर नव्हते. खुनासारख्या घोर अपराधाबद्दल शिक्षा झालेली माणसेही त्यांत होती. आसपासच्या गावकऱ्यांना धास्ती वाटली नसती तरच नवल! शिवाय ज्याच्या घरचे माणूस मारले गेले, त्याने काय म्हणावे? अपराध्याने मोकळ्या वाऱ्यात राहावे हे त्याला कसे रुचेल? हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याचे सोपे उत्तरही नाही.

मात्र एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. बहुतेक कैदी कधी ना कधी सुटून गावात परत येतात. ते कसे होऊन येतात, हे तुरुंगात त्यांचे काय होते यावर पुष्कळसे अवलंबून असते. बंद तुरुंगात केव्हा उठावे, केव्हा जेवावे, केव्हा आत जावे, हे सर्व दुसरेच ठरवितात. वर्षानुवर्षे असे चालले की स्वतः काही ठरविण्याची सवयच मोडते. मनातला राग आणि केल्या कर्माची लाज ही मात्र आतल्या आत कुजत राहतात. घरच्या आठवणीने जीव कासावीस होतो, पण ते बोलून दाखविणार कोणापाशी? मराठीत आपण दंडाला शिक्षा म्हणतो. संस्कृतात याच शब्दाचा अर्थ शिकणे असा आहे. कोठडीत हा दुसरा अर्थ हरवून जातो.

स्वतंत्रपुरात बंदी बायकामुलांसह राहतो आणि जमीन कसतो. माणदेश मोठा कोरडा. तेथे आज पाणी द्यावे की उद्या, बी केव्हा पेरावे, हे चुकले तर पीक हातचे जाते. तेव्हा ठरविणे भागच पडते. संध्याकाळी दमून आल्यावर बोलायला घरचे माणूस असते. पळून जाणे तसे अवघड नसते, पण दिलेला शब्द मोडला तर मिळालेला विश्वास जातो, हे तो जाणून असतो.

याच मुलखातले कवी ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून एक कथा रचली. तीवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरान पिकविणारा तरुण जेलर त्यात दाखविला आहे. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी वसाहत मोडली नाही. पैठण येथे १९६८ साली खुले कारागृह निघाले. येरवड्यासही तसे आहे. अर्थात सर्वच कैद्यांना तेथे पाठवीत नाहीत. ज्यांची वर्तणूक चांगली दिसते, त्यांनाच निवडतात.

बाकीच्यांचे काय? त्यांच्यासाठी तटाच्या आतच काही उपाय योजले जातात. विपश्यना हा त्यांपैकी एक. दहा दिवस मौन पाळून आपल्या श्वासाकडे व मनातल्या खळबळीकडे पाहत बसायचे, असे हे शिबिर असते. जयपूरच्या तुरुंगात ते १९७५ साली झाले. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात एकाच वेळी हजारावर कैदी बसले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीस या साधनेचे मोठे केंद्र आहे.

स्वतंत्रपुरात कसलेली जमीन कोणाच्याही मालकीची होत नाही. शिक्षा संपली की बंदी बायकामुलांसह आपल्या गावी निघतो आणि त्या रानात दुसरा येऊन नांगर धरतो.