हॅस्केलमधील दशांश श्रेणी: यादी कुठे थांबते?

हॅस्केलमध्ये [१ .. ५] लिहिले की १ ते ५ या संख्यांची यादी मिळते. आता पुढील दोन श्रेणी चालवून पाहा (टाइप करताना इंग्रजी अंक-अक्षरे वापरा):

[०.१, ०.२ .. १.०]
[१.० .. ३.५]

पहिल्या यादीत तिसरी संख्या ०.३ नसून ०.३०००००००००००००००४ येते. ‘यादीत ०.३ आहे का?’ असे विचारल्यास उत्तर ‘नाही’ मिळते. दुसरी यादी ३.० ला न थांबता ४.० पर्यंत जाते. भाड्याचा तक्ता अशा श्रेणीवर बांधला, तर एक ओळ जास्त छापली जाईल. या दोन गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत.

कारण १: द्विमान पद्धत

संक्षिप्त अपूर्णांकाचा छेद २ चा घात असेल, तरच तो द्विमान पद्धतीत नेमका मांडता येतो. आपले जुने चलन असेच होते: अधेली १/२ रुपया, पावली १/४, चवली १/८, आणा १/१६. कोलकात्यात १९५३ साली ट्रामचे भाडे एक पैशाने वाढले म्हणून मोठे आंदोलन झाले. तो पैसा रुपयाचा १/६४, म्हणजे नेमका ०.०१५६२५ होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान चलन आले आणि पैसा १/१०० झाला. छेदात ५ हा अवयव आल्यामुळे तो द्विमानात आवर्ती होतो. १/१० चेही तसेच. संगणक त्याची जवळची किंमत साठवतो.

कारण २: अर्ध्या पायरीचा नियम

बेरजेतील चुकीमुळे शेवटची संख्या मर्यादेच्या किंचित पुढे गेली तरी ती गळू नये, म्हणून हॅस्केल ‘मर्यादा + अर्धी पायरी’ येथपर्यंतच्या संख्या घेते. दुसऱ्या श्रेणीत ३.५ + ०.५ = ४.०, म्हणून ४.० आत आले. येथे द्विमानाचा दोष नाही. सर्व संख्या नेमक्याच आहेत.

उपाय

मोजणी पूर्णांकांत करा, भागाकार शेवटी करा:

[क / १० | क <- [१ .. १०]]

येथे प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे काढली जाते. चूक साचत नाही आणि यादीत दहाच संख्या येतात. पैशांचे हिशेब असतील तर रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. रॅशनल प्रकारात किंमती नेमक्या राहतात, पण अर्ध्या पायरीचा नियम तेथेही लागू होतो.

सराव

१. [०.२५, ०.५ .. १.०] ही यादी नेमकी येईल का? का?
२. [२.० .. ४.४] आणि [२.० .. ४.६] यांत किती संख्या येतील? आधी कागदावर काढा, मग चालवून पाहा.