वणवा विझल्यानंतर

मोहफुले गळू लागली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात धुराचे दिवस येतात. देशात ज्या जिल्ह्यांत वनआगींची सर्वाधिक नोंद होते, त्यांत गडचिरोलीचे नाव भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत वारंवार आढळते. आपल्याकडील वणवा सहसा झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही. तो पाचोळ्यातून, जमिनीलगत सरकतो. म्हणूनच वर्तमानपत्रांत जळालेल्या हेक्टरांचा आकडा येतो, घरांचा क्वचितच. परंतु ठिणगी उडून रानाकाठचे एखादे घर, गोठा वा तणसाचा ढीग पेटतो, तेव्हा त्या कुटुंबाचा हिशेब कोण मांडतो?

हा हिशेब मांडणारा कागद म्हणजे पंचनामा. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार, पूर्ण नष्ट झालेल्या पक्क्या वा कच्च्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले; झोपडीसाठी मात्र ८ हजार. आता कुडाच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले घर कच्चे म्हणावे की झोपडी? कारकुनाच्या लेखणीतून जो शब्द उतरेल, त्यावर पंधरापट रकमेचा फरक अवलंबून राहतो. शिवाय घराचे बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला हवा. ज्यांचे वनहक्काचे दावे प्रलंबित आहेत, त्यांनी तो कोठून आणावा? दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवू नये, असे २००६ चा वनहक्क कायदा सांगतो. कायद्याने ज्याचे तेथील राहणे रोखलेले नाही, त्याच्या राखेला अनधिकृत ठरविणे हा तर्क निदान मला समजत नाही.

कपडे आणि भांडी यांना निकषांत जागा आहे. पण घरात धानाचे बियाणे असते, पावसाळ्यात विकण्यासाठी वाळवून ठेवलेला मोह असतो, शिधापत्रिका आणि पट्ट्याचा कागद असतो. बाहेर रानात मोहाची कोवळी रोपे, बांबूचे नवे कोंब आणि शाकारणीचे गवत जळालेले असते. म्हणजे घर उभारण्याचा माल आणि ते चालविण्याचे उत्पन्न, दोन्ही एकाच आगीत गेलेले असतात. नुकसानभरपाईच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.

आग लागते कशी, हेही लपविण्यात अर्थ नाही. फुले वेचणे सोपे जावे म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटविला जातो. तेंदूला नवी पाने लवकर फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. पण झाडाखाली जाळी अंथरली की पाचोळा जाळावा लागत नाही. ती जाळी हजारो कुटुंबांपर्यंत पोहोचविण्याचा खर्च आणि आगीशी झुंजण्याचा खर्च एकदा शेजारी ठेवून पाहावा, असे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने याबाबत स्वतःचा नियम फार पूर्वीच केला: जंगलाला आग लावायची नाही, लागलीच तर सर्वांनी विझवायची. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, परंतु नियम हक्काच्या आधीचा आहे. त्याहीपूर्वी, १९८० च्या दशकात, गावाने जंगलातील लाकडाने घोटुल उभारले आणि वनखात्याने ते पाडले. तेव्हा मेंढ्याने ते पुन्हा बांधले. आसपासच्या गावांनीही आपापली घोटुले उभारली. सामुदायिक जीवनाची इमारत कोणत्या लाकडाने बांधावी, हा प्रश्न त्या काळी असा रोकडा होता.

आजही जंगलकाठी एक घर पडले तर शेजारी बांबू आणि गवत घेऊन येतात, मजुरी मागत नाहीत. ते आणू शकतील का, हे मात्र त्या रानावर त्यांचा हक्क मानला जातो की नाही, यावर ठरते. तेव्हा वणव्यानंतरचा पंचनामा ग्रामसभेसमोर व्हावा, ‘झोपडी’ हा शब्द तिच्या संमतीवाचून लिहिला जाऊ नये, आणि जळालेल्या घरासाठी लागणारा बांबू व लाकूडफाटा सामूहिक वनातून घेण्याचा तिचा ठराव त्याच कागदाला जोडला जावा. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. तलाठी, वनपाल आणि ग्रामसेवक यांनी एका दिवशी एका पारावर बसण्याची गरज आहे, आणि तेही पावसाळ्याआधी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उघड्या भिंतींची माती वाहून जाते.